फ्लॅटमधला राडारोडा कसा हलवायचा, भिंत फोडायच्या आधी वाचा

रिनोव्हेशनचं कोटेशन बघितलं तर टाइल्स, प्लंबिंग, इलेक्ट्रिक, पीओपी, फर्निचर सगळ्याचे रेट वेगवेगळे लिहिलेले असतात आणि राडारोड्याला सगळ्यात खाली एक ओळ, 'डेब्रिज काढणे, लमसम' एवढीच. भांडणं नंतर त्याच ओळीवरून होतात, सोसायटीशी, कॉन्ट्रॅक्टरशी, टेम्पोवाल्याशी. म्हणून माझं म्हणणं असं की भिंतीला पहिला हातोडा लागायच्या आधी तीन गोष्टी पक्क्या करा, माल किती वजनाचा निघणार, खाली कसा जाणार आणि शेवटी कुठे पडणार.

आधी वजन, कारण लोक ढीग डोळ्याने मापतात आणि तिथेच सगळं चुकतं. विटांची चार इंची भिंत दोन्ही बाजूच्या प्लास्टरसकट धरली तर एका स्क्वेअर फुटाला साधारण २५ किलो भरते, म्हणजे दहा बाय दहाची भिंत पाडली की अडीच टन माल झाला. जमिनीची टाइल खालच्या मसाल्यासकट, म्हणजे सिमेंट-वाळूच्या थरासकट, दहा-अकरा किलो स्क्वेअर फूट. बाथरूमच्या भिंतीवरच्या टाइल्स प्लास्टरपर्यंत खरवडल्या तर सहा किलोच्या आसपास. आरसीसीचा तीन इंची लॉफ्ट पाडणार असाल तर सतरा-अठरा किलो. हे सगळे अंदाज आहेत पण टेम्पो ठरवायला पुरतात. सिपोरेक्सचे म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक असतील तर काम बरंच हलकं, ते विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच भरतात, पण जुन्या बिल्डिंगमध्ये ते सापडणार नाहीत.

बाथरूम मात्र सगळ्यांना फसवतं. पाच बाय आठचं एवढंसं बाथरूम, त्यात काय निघणार असं वाटतं, पण जुन्या बांधकामात खाली स्लॅब फूटभर खोल घेतलेला असतो आणि त्यात विटांचे तुकडे आणि मसाला भरलेला असतो, तो नुसता भरावच दीड-पावणेदोन टन, वर भिंतींच्या टाइल्स आणि फरशी धरली की अडीच-तीन टनांवर जातं. लिकेजसाठी पूर्ण खोदणार असाल तर हे आधीच कॉन्ट्रॅक्टरला विचारा, 'भराव काढणार का नुसती वरची फरशी', कारण त्या एका उत्तरावर खालच्या गाड्या दुप्पट होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी कळकळीने सांगतोय. फोडलेला माल खोलीच्या मधोमध ढीग करून ठेवू नका. राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं, सामान वगैरेसाठी एका स्क्वेअर मीटरला साधारण २०० किलो धरलेले असतात. फोडलेल्या विटा-प्लास्टरचा सैल ढीग एका घनमीटरला बाराशे-तेराशे किलो भरतो. म्हणजे कमरेएवढा ढीग रचला की त्या जागेवर ठरलेल्या वजनाच्या पाच-सहापट भार आला. बिल्डिंग तीस-चाळीस वर्षांची असेल, सळ्या गंजलेल्या असतील, तर खालच्या घरातल्या माणसांच्या डोक्यावर आपण काय ठेवलंय याचा विचार करा. सहा इंचाच्या वर थर जाऊ द्यायचा नाही, पसरून ठेवायचा, गोण्या भिंतीकडेने आणि बीमच्या वर एका थरात लावायच्या, आणि बाल्कनीत तर ठेवायचाच नाही कारण ती बाहेर लटकलेली असते. टेरेसवर, जिन्याच्या लँडिंगवर पण नाही. पेठेतल्या वाड्यात लाकडी तुळयांवरचा माळा असेल तर तिथे एक रात्रसुद्धा माल थांबता कामा नये, फोडलं की लगेच खाली. सोपा नियम असा, जेवढं आज खाली जाईल तेवढंच आज फोडायचं. मिस्त्रीला हे आवडत नाही, त्याला एका दमात सगळं फोडून मोकळं व्हायचं असतं, पण इथे ऐकू नका. (कुठली भिंत पाडायची हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितलंय असं मी धरून चाललोय, नसेल बघितलं तर आधी ते.)

फोडताना हलकं पाणी शिंपडत राहा म्हणजे धूळ बसते. विटा, मसाला, टाइल्स यांच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते ती बाहेर येत नाही, म्हणून तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो आणि तो बिगाऱ्यांना आपण आणून द्यायचा, ते स्वतःहून मागणार नाहीत. पण पाइप लावून माल भिजवू नका. भाजलेली वीट स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्के पाणी पिते, आणि ते पाणी मग कुणीतरी पाठीवरून चार मजले खाली नेतं. पावसाळ्यात पार्किंगमध्ये गोण्या ठेवायची वेळ आली तर ताडपत्री टाका, कारण तेच.

गोण्या भरताना सिमेंटची रिकामी पोती चांगली, कारण टाइल्सच्या धारेला पातळ पिशवी टिकत नाही. पोतं काठोकाठ भरलं की चाळीस-पंचेचाळीस किलो होतं आणि ते उचलून दिवसभर जिने उतरणं म्हणजे माणसाच्या कमरेची वाट लावणं आहे. अर्ध्याच्या थोडं वर भरा, पंचवीस-तीस किलो, वर सुतळीने बांधा. गोण्या जास्त लागतील आणि मोबदला गोणीमागे ठरलेला असतो म्हणून कॉन्ट्रॅक्टर ठासून भरायला सांगतो, तर रेट ठरवतानाच अर्ध्या गोणीचा म्हणून ठरवा.

भरायच्या आधी वेगळं काढायचं ते वेगळं काढा, नंतर कुणी ढीग उपसत बसत नाही. सळ्या, खिडक्यांचे ॲल्युमिनियम सेक्शन, पितळी नळ भंगारवाला घेऊन जातो आणि वर पैसे देतो. जुनी शहाबादी, कडप्पा अख्खा निघाला तर कुणीतरी अंगणासाठी, गोठ्यासाठी नक्की नेतो, सागवानी चौकटी तर फेकूच नका. अख्ख्या विटा निघतात जुन्या चुन्याच्या बांधकामातून, सिमेंटच्या क्वचित. पीओपी आणि जिप्समची सिलिंग मात्र विटांच्या गोणीत घालू नका, त्यातलं सल्फेट काँक्रीटला खराब करतं, म्हणजे तो सगळा माल पुढे राडारोडा दळणाऱ्या प्लांटला वापरता येत नाही. रंगाचे डबे, ट्यूबलाइट, थर्माकोल पण वेगळं. आणि जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात बहुतेक ॲस्बेस्टॉस असतं, ते हातोड्याने फोडायचे नाहीत, ओले करून नटबोल्ट काढून अख्खे उतरवायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे आणि महापालिकेला विचारून वेगळे द्यायचे.

खाली न्यायचं कसं, तर लिफ्ट वापरायची असेल तर सोसायटीची परवानगी लेखी घ्या आणि लिफ्टमधली पाटी वाचा. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलो, त्यात दोन माणसं उभी राहिली की पंचवीस किलोच्या दहा गोण्या बास. खाली प्लाय, त्यावर जाड प्लास्टिक, बाजूला पुठ्ठे. खरा त्रास होतो तो दाराच्या खालच्या खाचेत, तिथे खडे जाऊन दार अडकतं आणि लिफ्ट बंद पडते, म्हणून खाचेवर पट्टी ठेवायची आणि प्रत्येक फेरीला झाडू मारायचा. लिफ्ट नसेल तर जिना, आणि मग माणसं जास्त लावा, साखळी करून दोन-दोन मजले वाटून घेतले तर कुणी एकजण मरत नाही. घमेली डोक्यावर घेऊन मावशी उतरत असतात त्यांना वर-खाली पिण्याचं पाणी आणि मध्ये सावलीत बसायला जागा, हे आपलं काम आहे, कॉन्ट्रॅक्टरवर सोडू नका. खिडकीतून खाली टाकायचं नाही, कितीही खालचा मजला असो.

गाडीचं गणित आता सोपं आहे. छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपासचा, म्हणजे बाथरूमचे तीन टन चार फेऱ्यांत. पिकअप सव्वा-दीड टन. टिपरवाले आणि ट्रॅक्टरवाले ब्रासमध्ये बोलतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि सैल राडारोड्याचा एक ब्रास साडेतीन टनांच्या जवळ जातो. भाव टनावर का ब्रासवर का फेरीवर हे आधी ठरवा, भरणारी माणसं त्याची का तुमची हेही. आणि गाडी येईल त्याच दिवशी माल खाली आणा, रस्त्याच्या कडेला ढीग ठेवून 'उद्या उचलू' म्हणू नका. २०१६ च्या केंद्राच्या बांधकाम कचरा नियमांतच हे स्पष्ट लिहिलेलं होतं की रहदारीला, लोकांना किंवा गटाराला अडथळा होईल असा माल टाकायचा नाही, आणि ती जबाबदारी माल ज्याच्या घरातून निघाला त्याची.

आता गाडी जाते कुठे. 'साहेब ते आम्ही बघतो' या उत्तरावर थांबू नका. फार स्वस्त रेट सांगणारा बहुतेक वेळा रात्री नदीकाठी, ओढ्यात, टेकडीच्या पायथ्याला रिकामा करून येतो, मुंबई-ठाण्यात खाडीकडेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनात राडारोडा टाकायला बंदी घातली तरी गाड्या जातातच. पुण्यात २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, धरणातून पाणी सोडलेलं होतं, पाऊस होता, हे खरंच, पण मुठेच्या पात्रात वर्षानुवर्षं टाकलेल्या भरावाबद्दल तेव्हा लोक किती पोटतिडकीने बोलत होते ते आठवा. तो भराव कुणाच्या ना कुणाच्या बाथरूममधूनच निघालेला असतो.

पुण्यात महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्लांट वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीला, मुंबईसाठी दहिसर आणि शिळफाट्याला, तिथे माल दळून त्याची खडी, वाळू, पेव्हर ब्लॉक होतात. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, बाकी शहरांत वॉर्ड ऑफिसला म्हणजे क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षकाला विचारा, कुठे टाकायचा आणि किती पैसे ते तोच सांगेल. कुणाच्या प्लॉटवर भरावासाठी माल हवा असेल तर तेही चालतं, पण त्या जागामालकाशी स्वतः फोनवर बोला आणि जागा ओढ्याला लागून नाही ना ते बघा. गाडी कुठलीही असो, नंबरप्लेटचा फोटो, प्लांटची वजनाची पावती किंवा रिकामी होतानाचा लोकेशनसकट फोटो, हे मिळाल्यावरच शेवटचे पैसे, असं कामाला सुरुवात करतानाच सांगून ठेवा.

शेवटची गाडी गेली की घर धुवायची घाई होते, तिथे एक काळजी घ्या. उरलेली बारीक भुकटी आधी कोरडी झाडून गोणीत भरा, मगच पाणी, आणि तेसुद्धा बादलीने पुसून. सिमेंटचं पाणी नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्यात, गेलं की पाइपच्या वळणावर बसून दगड होतं, आणि तुंबतं ते खालच्यांचं बाथरूम. काम चालू असेपर्यंत सगळ्या ट्रॅपची तोंडं गोणपाट कोंबून बंदच ठेवलेली बरी.