स्प्रिंटमध्ये युजेबिलिटी चाचणी कशी बसवावी

युजेबिलिटी चाचणी, म्हणजे वापरकर्ते उत्पादन वापरताना कुठे अडतात हे पाहणं, रिलीजच्या तोंडावर ठेवली की दोष सापडतात, पण दुरुस्तीला वेळ उरत नाही. म्हणून डिझाइन कोडिंगच्या एक स्प्रिंट (कामाचा ठरावीक छोटा टप्पा) पुढे ठेवा आणि क्लिक करता येणाऱ्या प्रोटोटाइपवरच (कच्च्या नमुन्यावरच) चाचणी घ्या. एका प्रकारचे ५ वापरकर्ते बहुधा पुरतात. खरेदीदार आणि विक्रेते असे वेगळे गट असतील तर प्रत्येकी ३-४ बोलवा.

वापरकर्त्याला काम सांगताना बटणावरचा शब्द उच्चारू नका. ‘ऑर्डर रद्द करा’ म्हटलं, की माणूस तोच शब्द स्क्रीनवर शोधतो. ‘ही वस्तू आता नको आहे’ एवढंच सांगा. मग गप्प बसा, हेच सर्वांत अवघड.

दोष त्याच दिवशी ० ते ४ तीव्रतेसह बॅकलॉगमध्ये (बाकी कामांच्या यादीत) नोंदवा. ४ म्हणजे दुरुस्तीशिवाय रिलीज नाही. प्रत्येक नोंदीला एकच जबाबदार व्यक्ती नेमा, नाहीतर ती तशीच पडून राहते.