दुसऱ्याच्या फोनला हात लावताय? मग या चुका टाळा

महिन्यातून एका रविवारी आम्ही चार-पाच जण कोथरूडमधल्या एका वाचनालयाच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसतो. लोकांच्या अँड्रॉइड फोनवर मुक्त सॉफ्टवेअर बसवून द्यायचं आणि ते कसं वापरायचं ते दाखवायचं, एवढाच उद्योग. पैसे घेत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी नवे स्वयंसेवक येतात, बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं, आणि पहिल्याच रविवारी त्याच त्या चुका करतात. सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय.

पाटीवर 'फ्री' लिहिणं

आम्हीही लिहिलं होतं. 'फ्री सॉफ्टवेअर मिळेल.' पहिल्या बाईंनी विचारलं, रिचार्ज किती महिन्यांचा? दुसरे गृहस्थ लांबूनच म्हणाले, फुकट देताय म्हणजे आमची माहिती विकत असणार. त्यांचा संशय बरोबर होता, फक्त पत्ता चुकला होता. इंग्रजीत फुकटालाही 'फ्री' आणि मोकळ्यालाही 'फ्री', म्हणून १९८३ साली ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअर बनवायचा प्रकल्प जाहीर झाल्यापासून तिकडची मंडळी हा घोळ निस्तरताहेत. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन वेगळे शब्द असताना तो घोळ विकत कशाला घ्यायचा? पाटीवर 'मुक्त' लिहा. कोणी अर्थ विचारला तर दोन वाक्यांत सांगा: हे अ‍ॅप आतून कसं चालतं ते कोणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं आणि दुसऱ्याला देता येतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येतल्या चार स्वातंत्र्यांवर चाळीस मिनिटं बोललात तर समोरचा 'दूध तापत ठेवलंय' म्हणून उठतो.

पहिल्याच भेटीत रॉम बदलणं

रॉम म्हणजे फोनची अख्खी प्रणाली. ती बदलणं ही माझी खास नावडती चूक, कारण ती माझ्या साक्षीनं झालीय.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका आले. फोन चार वर्षांचा, कंपनीनं अपडेट द्यायचं बंद केलेलं, चालायला गोगलगाय. आमच्याकडे तेव्हा दुसऱ्या वर्षाचा एक हुशार मुलगा होता. त्यानं बघितलं की या मॉडेलसाठी लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त प्रणाली उपलब्ध आहे. डोळे चमकले त्याचे. 'सर, करू?' मी चहा पीत होतो. म्हणालो, 'कर.' दोष दोघांचा, पण माझा जास्त.

बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करणारा फोनमधला कुलूपबंद भाग, अनलॉक केला की फोन पूर्ण पुसला जातो, हे त्याला माहीत होतं. फोटो त्यानं आधी लॅपटॉपवर उतरवून घेतले. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर आहे, म्हणून तिकडे बघितलंच नाही. नवी प्रणाली बसवली ती गूगलच्या सेवांशिवाय, शुद्ध. मग ड्राइव्हवरचा बॅकअप उतरणार कसा? फोनमधल्या अँड्रॉइड फोल्डरात मीडिया, त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर असतो. तो पेनड्राइव्हवर घेऊन ठेवला असता तर सगळे संदेश परत आले असते. नव्हता घेतला. नातीचे तीन वर्षांचे बोबडे व्हॉइस मेसेज समोर असून नसल्यासारखे झाले.

तरी फोन सुसाट पळायला लागला होता. काका खूश होऊन घरी गेले.

मंगळवारी सकाळी मंडईतून त्यांचा फोन. पिशवी भरलेली, एकशे चाळीस रुपये द्यायचेत आणि बँकेचं अ‍ॅप म्हणतंय की हे उपकरण सुरक्षित नाही. रोख खिशात नाही, कारण गेली काही वर्षं ते रोख ठेवतच नव्हते. भाजीवाली मावशी ओळखीची होती, ती म्हणाली उद्या द्या, पण काका जुन्या वळणाचे. उधारी म्हणजे अपमान. मी स्कूटर काढली, मंडईत जाऊन पैसे दिले आणि त्यांचा चेहरा बघून मान खाली घातली.

अनेक बँकांची आणि पैसे पाठवायची अ‍ॅप्स फोनचा बूटलोडर उघडा आहे का, प्रणाली मूळची आहे का, हे तपासतात. उत्तर आवडलं नाही की चालायला नकार देतात. त्यावर तोडगे आहेत, मलाही माहीत आहेत. पण ते आज चालतात आणि उद्या बंद पडतात. सत्तरीच्या माणसाला अशा तोडग्यावर सोडून आपण घरी जायचं, याला मी मदत म्हणत नाही.

त्या रात्री मी कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर शोधून परत बसवलं आणि ते पूर्ण बसल्यावरच बूटलोडर लॉक केला. अर्धवट अवस्थेत लॉक केलात तर फोनची वीट होते, म्हणजे तो सुरूच होत नाही, हेही उत्साही मंडळींनी लक्षात ठेवावं. पहाटेचे तीन वाजले. मूळ प्रणाली आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपनं ड्राइव्हवरचा बॅकअप उतरवला आणि नातीचे मेसेज आले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आमच्यातले दोघे जुने, पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपच्या काळातले. ते म्हणतात, पूर्वी आम्ही एका दिवसात दहा-दहा कॉम्प्युटरांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली चढवायचो, काही बिघडत नव्हतं. बरोबर आहे. तेव्हा डिस्कच्या शेजारच्या भागात, पार्टिशनमध्ये, विंडोज तसंच ठेवता यायचं, नाही जमलं तर माणूस तिकडे परत जायचा. शिवाय त्या डब्यातून कोणी भाजीचे पैसे देत नव्हतं. साध्या फोनवर अशी शेजारची खोली नसते.

माझा नियम आता सरळ आहे. टेबलावर रॉम बदलायचा नाही. ज्याला हवंय त्यानं कपाटातला जुना, सिम नसलेला फोन आणायचा, त्यावर हवे तेवढे प्रयोग करू. ज्यांना हा नियम भित्रेपणाचा वाटतो त्यांनी आधी स्वतःच्या वडिलांचा फोन बदलून दाखवावा.

'येईल त्याला अलाऊ म्हणा'

हे वाक्य माझं. आता आठवलं तरी लाज वाटते.

एफ-ड्रॉइड हे मुक्त अ‍ॅप्सचं भांडार २०१० पासून आहे, पण ते प्ले स्टोअरवर मिळत नाही. ब्राउझरमधून फाइल उतरवावी लागते आणि फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप बसवू द्यायचं का? सिंहगड रोडच्या एक काकू प्रत्येक प्रश्नाला थांबून माझ्याकडे बघत होत्या. मागे रांग होती. मी म्हणालो, 'काकू, येईल त्याला अलाऊ म्हणा.'

दोनेक महिन्यांनी त्यांना नात्यातल्याच नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली, वाहनाचं चलान म्हणून. नात्यातल्या माणसाचा फोन आधीच कोणीतरी ताब्यात घेतला होता. फाइल म्हणजे अ‍ॅप होतं. फोननं व्यवस्थित इशारा दिला. काकूंनी अलाऊ म्हटलं. त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, म्हणजे ओटीपी वाचायची. तिथेही अलाऊ. भाच्यानं बघितलं, सिम काढलं, बँकेत फोन केला, १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवलं, म्हणून पैसे वाचले. नंतर काकू मला शांतपणे म्हणाल्या, 'तुम्हीच तर शिकवलं होतं.'

चलान, वीजबिल, लग्नपत्रिका अशा नावांनी अशा फाइली फिरतात. एखाद्याला एफ-ड्रॉइड बसवायला शिकवताना आपण त्याला त्याच दाराची कडी काढायला शिकवत असतो. म्हणून कडी परत लावणं हा शिकवण्याचाच भाग.

मी असं करतो. पत्ता स्वतः टाइप करतो, एफ-ड्रॉइड डॉट ऑर्ग. शोधून येणाऱ्या पहिल्या निकालावर जात नाही, कारण मिळत्याजुळत्या नावाच्या साइट असतात. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी असते. एफ-ड्रॉइड बसलं की ब्राउझरची परवानगी तिथल्या तिथे काढून घेतो, ती फक्त एफ-ड्रॉइडकडे ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपची आणि फाइल मॅनेजरची बंद आहे ना, तेही बघतो. आणि एक वाक्य माणसाकडून तीनदा म्हणवून घेतो: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं अ‍ॅप बसवायचं नाही, तुम्ही पाठवलंत तरी नाही. रांग वाढली तर वाढू दे.

बारीकसारीक, पण रोजचं

'अ‍ॅप इन्स्टॉल झालं नाही' असं येतंय? बहुतेक वेळा तेच अ‍ॅप प्ले स्टोअरवरून आधी बसवलेलं असतं. एफ-ड्रॉइड साधारणपणे मूळ कोडवरून अ‍ॅप स्वतः बांधतं आणि स्वतःच्या सहीनं देतं. सही जुळली नाही की अँड्रॉइड एकावर दुसरं चढवू देत नाही. जुनं काढा, मग नवं टाका. पण लॉगिनचे ओटीपी फोनवरच तयार करणारं एजिससारखं अ‍ॅप असेल तर आधी त्यातली तिजोरी, म्हणजे साठवलेल्या किल्ल्या, एक्सपोर्ट करून घ्या. एका मुलानं 'दोन सेकंदांचं काम' म्हणून आधी अनइन्स्टॉल दाबलं होतं. ते दोन सेकंद त्याला महिनाभर पुरले.

यूट्यूबचे व्हिडिओ दाखवणारं न्यूपाइप हे मुक्त अ‍ॅप दाखवायला जाल आणि ऐन वेळी व्हिडिओ चालणार नाही. यूट्यूबनं काही बदललं की ते अडतं, आणि एफ-ड्रॉइडवर दुरुस्त आवृत्ती यायला काही दिवस जातात. न्यूपाइपचं स्वतःचं भांडार एफ-ड्रॉइडमध्ये जोडून ठेवा, आणि निघण्यापूर्वी घरी एकदा चालवून बघा.

सूचना उशिरा येतात अशी तक्रार आली तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरची बंधनं काढा. पहिला संशय नेहमी तिथे.

कीबोर्ड बदलताना आधी विचारा, बोलून टाइप करता का? आजोबा मंडळी मराठीत बोलूनच मजकूर लिहितात. हेलीबोर्ड हा मुक्त कीबोर्ड मला स्वतःला फार आवडतो, पण बोललेलं तो स्वतः लिहीत नाही. तो बसवून दिलात की आजोबांची वाचा गेली. इंडिक कीबोर्डवर मराठी चांगलं लिहिता येतं, पण ज्यांना बोटांनी लिहायचंय त्यांच्यासाठीच. लोहित देवनागरी हा मुक्त फाँट पुण्यातल्याच रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या मंडळींनी सांभाळला, हे मात्र मी प्रत्येकाला सांगतो. विषयाशी संबंध असो नसो.

'अजून व्हॉट्सअ‍ॅप वापरता?' असं विचारू नका. सोसायटीचा टँकर कधी येणार ते तिथेच कळतं.

ऑरगॅनिक मॅप्स हे इंटरनेटशिवाय चालणारं नकाशाचं अ‍ॅप दाखवताना महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून आणायला सांगा. व्हरांड्यातल्या एका हॉटस्पॉटवर पंधरा फोन लावलेत तर कोणालाच काही मिळत नाही. आणि नकाशात त्यांच्या गल्लीतला मारुती सापडला नाही तर माफी मागत बसू नका. तो ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे ज्या मुक्त नकाशावर हे अ‍ॅप चालतं आणि ज्यात कोणालाही भर घालता येते त्यावर, तिथेच त्यांच्या हातून टाका, मराठी नावासकट. पुण्यातला पत्ता मारुतीशिवाय सांगता येत नाही, आणि आपल्या हातून पडलेला ठिपका बघायला माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.

टेलिफोन खात्यातले काकाही येतात. फोन तोच, प्रणाली कंपनीचीच, त्यात व्हिडिओसाठी व्हीएलसी, नकाशा आणि कीर्तनं ऐकायला अँटेनापॉड हे पॉडकास्टचं अ‍ॅप. दर वेळी खिशातून एकशे चाळीस रुपये काढून टेबलावर ठेवतात, 'भाजीचे' म्हणतात, सगळे हसले की उचलून परत खिशात घालतात.