तिसरी गोणी थांबवताना : खानदेशातील गावाने खतबचतीची प्रोत्साहन योजना कशी आखावी

आपल्या शिवारातील रासायनिक खतांचा वापर कमी व्हावा म्हणून शेतकऱ्यांना पैसे देण्याचा विचार एखादी शेतकरी उत्पादक कंपनी, विकास सोसायटी किंवा ग्रामपंचायत करीत असेल, तर पहिल्याच बैठकीत फळ्यावर एक हिशेब मांडावा. बागायती बीटी कापसाला हेक्टरी 125 किलो नत्र (नायट्रोजन), 65 किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि 65 किलो पालाश (पोटॅश) अशी शिफारस आहे. एकरी हे प्रमाण साधारण 50, 26 आणि 26 किलो होते. 10:26:26 या खताच्या 50 किलोच्या दोन गोण्या दिल्या की स्फुरद आणि पालाश पूर्ण होतात आणि 10 किलो नत्रही मिळते. राहिलेल्या 40 किलो नत्रासाठी युरियाच्या दोन गोण्या पुरतात, कारण 45 किलोच्या एका गोणीत सुमारे 20.7 किलो नत्र असते. तरीही अनेक शेतांत युरियाची तिसरी गोणी पडतेच.

ती न टाकल्यास शेतकऱ्याचे 266 रुपये 50 पैसे वाचतात. याउलट, ती न टाकल्यामुळे एकरी 8 क्विंटलच्या पिकात पाच टक्के घट येईल अशी त्याला धास्ती असेल आणि क्विंटलला 7,000 रुपये भाव धरला, तर त्याच्या मनातला तोटा 2,800 रुपयांचा असतो. त्यामुळे गोणीमागे शंभर-दोनशे रुपये बक्षीस ठेवणाऱ्या योजना कागदावरच राहतात. योजनेने धास्तीची किंमत उचलली पाहिजे. गोणीची किंमत हा इथे गौण प्रश्न आहे.

करार आखाजीला, नमुने मे महिन्यात

आपल्याकडे सालदारांचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यांचा, हिशेब आखाजीला (अक्षय तृतीयेला) मिटतो आणि नवा ठराव होतो. खतबचतीचा करारही त्याच सुमारास करावा, कारण तेव्हा शेत रिकामे असते, खरिपाचे खत घरात आलेले नसते आणि शेतकरी पुढील वर्षाच्या गणितातच असतो. जून उजाडल्यावर मांडलेली योजना पेरणीच्या धावपळीत कोणी ऐकत नाही.

मातीचा नमुना घेताना बांध, उकिरडा, झाडाखालची जागा आणि पाट टाळावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे 20 ते 22 सेंटीमीटर खोल खड्डे घ्यावेत, त्यांच्या कडेची माती खरवडून एकत्र करावी आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जावे. शेवटी उरलेली अर्धा किलो माती सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्यावी. माती तपासून खताची शिफारस देणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिका 2015 पासून मिळत आहेत, पण बऱ्याच घरांत त्या सातबाऱ्याच्या पिशवीतच पडून असतात. म्हणून पत्रिकेतील आकडे गोण्यांच्या भाषेत उतरवून प्रत्येकाला एका ओळीत लिहून देणे हे योजनेचेच काम समजावे, आणि प्रोत्साहनाचा पहिला छोटा हप्ता हा कागद हाती पडताच द्यावा.

पैसे कशासाठी द्यावेत

इथे सर्वांत मोठी चूक होते. ‘खत कमी करा’ असे मोघम लिहून गोण्यांची संख्या मोजली, तर शेतकरी आधी महागडे खत कमी करतो; म्हणजे पोटॅश जाते आणि स्वस्त युरिया तसाच राहतो. रावेर, यावल, चोपड्याच्या केळी पट्ट्यात हे फार महागात पडेल, कारण घडाचे वजन आणि फळाचा भराव पालाशावर अवलंबून असतो. केळीला झाडामागे 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद आणि 200 ग्रॅम पालाश ही शिफारस लक्षात घेता बक्षीस फक्त जादा नत्र कमी करण्यासाठी ठेवावे, आणि पालाश शिफारशीपेक्षा कमी दिल्यास ते मिळणार नाही असे करारात स्पष्ट लिहावे. पत्रिकेनुसार ज्यांचा वापर आधीच कमी आहे, त्यांना वगळू नये. नाहीतर पुढच्या वर्षी बक्षिसासाठी आधी खत वाढवण्याची युक्ती गावात निघेल.

बिले पाहूनही पैसे देऊ नयेत. खत दुकानातील ई-पॉस यंत्रावर खरेदीची नोंद आधारवर होते खरी, पण माझ्या पाहण्यातील एका गटात पहिल्याच हंगामात युरिया मेव्हण्याच्या नावावर आला आणि बक्षीस मात्र भाऊजींनी घेतले.

त्याऐवजी हमीपट्टा करावा. एकाच शेतात लागून असलेल्या दहा ओळी निवडाव्यात; पाच ओळींना शेतकऱ्याची नेहमीची मात्रा द्यावी आणि पाच ओळींना पत्रिकेनुसार. लागवड, पाणी, फवारणी सारखीच ठेवावी. वेचणीच्या वेळी दोन्ही पट्ट्यांचा कापूस वेगवेगळ्या गाठोड्यांत बांधून गटातील दोन तटस्थ माणसांसमोर तोलावा. पत्रिकेनुसार खत दिलेल्या पट्ट्याचे वजन पाच टक्क्यांपेक्षा जास्त कमी भरले, तर तेवढी तूट संपूर्ण सहभागी क्षेत्रावर धरून बाजारभावाने भरून द्यावी. मात्र एकरी भरपाईची कमाल रक्कम आधीच ठरवावी, कारण एखादा पट्टा मुद्दाम दुर्लक्षित राहण्याची शक्यता नाकारता येत नाही. बहुतेक ठिकाणी ही रक्कम खर्ची पडत नाही, पण ती बँकेत आहे हे दिसल्याशिवाय कोणी तिसरी गोणी सोडत नाही.

मजुरीचाही विचार करावा. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत ओल नसताना फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. तोच झाडाजवळ बांगडी पद्धतीने, म्हणजे बुंध्याभोवती गोल, देऊन मातीआड केला, तर कमी मात्रेत भागते. या कामाला लागणाऱ्या मजुरीचा अर्धा भाग योजनेने दिला, तर तो पैसा गोणीमागच्या बक्षिसापेक्षा जास्त उपयोगी पडतो. शिवाय जादा नत्राने माजलेल्या कपाशीवर तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडी अधिक येतात, त्यामुळे एखादी फवारणी वाचली तर ती बचतही वहीत लिहावी.

पैसा कोठून आणावा

केंद्राने 2023 मध्ये मंजूर केलेल्या पीएम-प्रणाम योजनेत खत-अनुदानातील बचतीचा निम्मा भाग राज्याला देण्याची तरतूद आहे; तो पैसा शेतकऱ्याच्या खात्यात आपोआप येत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये असून त्यातील 15,000 रुपये शेतकऱ्याला सेंद्रिय निविष्ठांसाठी मिळतात, पण ती रासायनिक खत पूर्ण सोडणाऱ्या गटांसाठी आहे. तिसरी गोणी थांबवणाऱ्याचा तिथे निभाव लागत नाही. केळीवाल्यांसाठी ठिबकचे अनुदान, जे राज्यात अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 आणि इतरांना 75 टक्क्यांपर्यंत आहे, हेच खतबचतीचे खरे साधन आहे, कारण विद्राव्य खते ठिबकमधून हप्त्याहप्त्याने दिल्यास मात्रा कमी लागते. हमीनिधी मात्र गटाने स्वतःचा उभारावा. सोसायटीच्या नफ्यातील छोटा वाटा आणि सभासदांची एकरी ठरावीक रक्कम एवढ्यावर पहिल्या वर्षी वीस-पंचवीस एकरांपर्यंतच हात घालावा.

मुख्य हप्ता पहिल्या दोन वेचण्यांचे वजन झाल्यावर आठ दिवसांत द्यावा, कारण तेव्हा मजुरांना रोख मजुरी द्यावी लागते. दोन्ही पट्ट्यांची वजने सोसायटीच्या फळ्यावर शेतकऱ्याच्या परवानगीने लिहावीत आणि तूट आली असेल तर तीही लपवू नये. दुसऱ्या वर्षी ज्याच्या पट्ट्यात फरक पडला नाही, त्याची हमी काढून मजुरीचा वाटा तेवढा चालू ठेवावा, आणि मोकळी झालेली रक्कम शेजारच्या नव्या शेतकऱ्याच्या नावावर वळवावी.