सिकलसेलच्या लेकराच्या आईला हातभार कसा लावावा

विदर्भात किंवा नंदुरबारकडे घरात सिकलसेलचं (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक रक्ताचा आजार) मूल असलं की औषधं, दवाखाना, शाळेतली बोलणी सगळं आईच्या वाट्याला येतं. वर 'तुझ्याचकडून आलं' हा ठपका. धीर देणारे पुष्कळ भेटतात, तिला हवा असतो कामातला वाटेकरी.

आधी ठपका उतरवा. दोष आई-वडील दोघांकडून आल्याशिवाय मूल 'एसएस', म्हणजे सिकलसेलचा रुग्ण, होत नाही. वडिलांचीही इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत (सुरुवातीची झटपट रक्तचाचणी) वाहक (एकाच बाजूने दोष आलेला, स्वतः आजारी नसलेला) कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. दोघे वाहक असतील तर दर गरोदरपणात मूल 'एसएस' होण्याचा धोका 25 टक्के असतो. पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. हे डॉक्टरांनी सासरच्यांसमोर सांगितलेलं बरं. सुनेच्या तोंडून कुणाला पटत नाही.

मग पाणथरी (प्लीहा, पोटात डाव्या बरगडीखालचा अवयव) तपासायला शिका. हे काम एकट्या आईला येत असतं, आणि ती शेतावर असतानाच नेमकी गरज पडते. मूल शांत असताना उताणं निजवा, गुडघे दुमडा. बोटं सपाट ठेवून डाव्या बाजूला बेंबीच्या खालून बरगडीकडे हळूहळू सरका. कडा लागली तर बरगडीपासून किती बोटं खाली, ते तारखेसह लिहा. डॉक्टरांकडून एकदा हात बसवून घ्या. जोरात दाबू नये. पाणथरी एकाएकी वाढली आणि मूल पांढरंफटक, मलूल दिसलं तर रक्त तिथे अडकतंय. सकाळची वाट पाहू नका.

तापाचंही तसंच. 101 फॅरनहाइटच्या वर गेला की पॅरासिटामॉल देऊन घरी थांबायचं नाही, कारण पाणथरी निकामी झाल्याने जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. गाडी कोण काढणार आणि धाकट्याला कोण सांभाळणार, हे आजच ठरवा. फाइलच्या वरच एक कागद लावा: आजाराचा प्रकार, रक्तगट, वजन, औषधांचे डोस, नेहमीचं हिमोग्लोबिन. नेहमीच 7-8 असणाऱ्या मुलाला नवखा डॉक्टर आकडा पाहून विनाकारण रक्त चढवू शकतो.

दुखणं उठलं की बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. कोमट शेक आणि भरपूर पाणी द्या, डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळीही द्या. दुखणं आवरत नसेल, श्वासाला त्रास होत असेल, किंवा तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला तर थेट दवाखाना. हायड्रॉक्सियुरिया (दुखण्याचे झटके कमी करणारं औषध) रोज लागतं, चुकवू नका. गरोदर बाईने ते हाताळू नये. रक्त कमी म्हणून शेजारी लोहाचं टॉनिक सुचवतात, ते तपासणीशिवाय देऊ नका. इथे तांबड्या पेशी 120 दिवसांऐवजी 10-20 दिवसांतच फुटतात, त्यातलं लोह शरीरातच राहतं.

शाळेत आईऐवजी तुम्ही जा. वर्गात पाण्याची बाटली आणि मागेल तेव्हा लघवीची सुट्टी, दोन्ही लेखी मागा. या मुलांचं मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. रात्री अंथरूण ओलं होतं तेही त्यामुळेच, तेव्हा सकाळची चादर न बोलता तुम्हीच धुवायला टाका.