पहिला गनप्ला: कापणी, रंग आणि फोटो

गनप्ला म्हणजे ‘गनडम’ या जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या रोबोंची प्लास्टिक मॉडेलं. बंदाई कंपनीने १९८० साली गनडम रोबोचं पहिलं प्लास्टिक किट ३०० येनला बाजारात आणलं. त्याच रोबोचं, म्हणजे आरएक्स-७८-२चं, २०१५ मधलं एचजी (‘हाय ग्रेड’ श्रेणीचं) किट नवशिक्यासाठी उत्तम. १/१४४ प्रमाणात तयार मॉडेल जेमतेम १३ सेंटिमीटरचं होतं. भाग रंगीत प्लास्टिकचेच असतात आणि गोंदाशिवाय जुळतात. म्हणून अख्खं मॉडेल रंगवायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. स्वच्छ कापणी आणि शेवटचा मॅट कोट (चकाकी घालवणारा पारदर्शक थर) या दोन गोष्टींनीच निम्म्याहून जास्त फरक पडतो.

कापणी

भाग ज्या चौकटीत येतात ती रनर, आणि भाग व रनर यांना जोडणारा बारीक दांडा म्हणजे गेट. एका पायरीला लागतील तेवढेच भाग कापा. सगळे एकदम सुटे केले की डावा-उजवा ओळखता येत नाही.

निपरची (प्लास्टिक कापायच्या छोट्या पकडीची) सपाट बाजू भागाकडे ठेवा. पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब घ्या. भाग सुटला की उरलेला ठोंब दुसऱ्या कापात काढा, पण अर्धा मिलिमीटर शिल्लक ठेवा. एकाच कापात भागालगत छाटलं, तर प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग उमटतो. निळ्या आणि लाल भागांवर तो लांबूनही दिसतो. शिल्लक राहिलेलं ४००, ६००, मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पेपर छोट्या सपाट पट्टीला चिकटवा. नुसत्या बोटाने घासलं की कडा गोल होतात. पांढरा डाग पडलाच, तर तिथे नखाने हलकेच दाबून चोळा, बराचसा जातो.

डोक्यावरच्या व्ही आकाराच्या शिंगांना अनेक किटांत सुरक्षेसाठी जाड टोक असतं. ते तासून टोकदार केलं की चेहरा एकदम धारदार दिसतो.

रेषा आणि रंग

खाचांमध्ये बारीक टोकाच्या पेनने रेषा भरा: पांढऱ्यावर करडी, लाल-पिवळ्यावर तपकिरी. पांढऱ्यावर काळी रेषा फार भडक दिसते. बाहेर आलेली शाई खोडरबराने पुसा. बाटलीतली पातळ इनॅमल शाई खाचेत आपोआप पळते, पण तिचं थिनर घट्ट बसवलेल्या, ताणाखालच्या प्लास्टिकमध्ये झिरपून भागाला तडे पाडतं. ती वापरायची तर भाग सुटे करा, आधी ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) द्या आणि शाई जपून लावा.

ब्रशने फक्त छोट्या जागा रंगवा: पाठीवरच्या थ्रस्टरची (रॉकेटच्या नळकांड्याची) आतली बाजू, बंदुकीची दुर्बीण. ॲक्रिलिक रंग पातळ करून दोन-तीन हात द्या. सांध्यांत, जिथे भागाला भाग घासतो, तिथे रंग नको. पहिल्याच पोझमध्ये तो खरवडला जातो.

स्टिकर चिमट्याने बसवा. मग मॅट स्प्रे. कॅन दोन मिनिटं हलवा आणि २०–२५ सेंटिमीटरवरून फवारा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. दोन-तीन पातळ हात, मध्ये अर्धा तास. पारदर्शक भाग आधी काढून ठेवा, नाहीतर ते धुरकट होतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे काम टाळा: दमट हवेत कोटवर पांढुरकं सावट धरतं. कोरड्या दिवसाची वाट बघणं परवडतं.

फोटो

करड्या कार्डशीटचं एक टोक भिंतीला, दुसरं टेबलाला चिकटवा; मध्ये घडी न पाडता बाक ठेवा. एक दिवा डावीकडून थोडा वरून, दुसरा उजवीकडे जरा लांब. दोन्हींसमोर बटर पेपर धरा, पण दिव्याला टेकवू नका. दोन्ही दिवे एकाच प्रकारच्या प्रकाशाचे हवेत, नाहीतर पांढरा रोबो एका अंगाने पिवळा येतो.

कॅमेरा रोबोच्या कमरेच्या उंचीवर किंवा त्याहून खाली आणा. वरून काढलेल्या फोटोत तो खेळणंच दिसतो. मोबाइल असेल तर मागे सरकून दोनपट झूम करा, कारण जवळून कॅमेऱ्याकडचा भाग मोठा आणि लांबचा बारका येतो. कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, छिद्र एफ/११, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. फोकस डोळ्यांवर.

पोझ देताना वजन एका पायावर टाका, कंबर थोडी वळवा, मान उलट्या दिशेला. तळवे पूर्ण टेकले आहेत ना, हे शटर दाबण्याआधी पाहा; टाचेखालची फट फोटोत लगेच नजरेत येते.