नैसर्गिक भार आणि रिॲक्टिव्ह पॉवर : पारेषण वाहिनीचा दाब तपासताना या चुका टाळा

पारेषण वाहिनीचा दाब (व्होल्टेज) बिघडला की लगेच ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे त्याच्या वेटोळ्यांचे प्रमाण, बदलणे, ही पहिली चूक. टॅप बदलल्याने रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांसाठी मागे-पुढे फिरणारी शक्ती) निर्माण होत नाही, तिचा प्रवाह फक्त वेगळ्या बाजूला वळतो. आधी पाहायचे ते हे की, वाहिनीवरचा भार तिच्या नैसर्गिक भाराहून कमी आहे की जास्त.

वाहिनीच्या कपॅसिटन्समधून मिळणारी रिॲक्टिव्ह पॉवर ज्या भाराला तिच्याच इंडक्टन्समध्ये पूर्ण खर्च होते, तो नैसर्गिक भार. दाबाच्या वर्गाला (दाब गुणिले दाब) सर्ज इम्पिडन्सने, म्हणजे वाहिनीच्या इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सवरून ठरणाऱ्या तिच्या स्वाभाविक अवरोधाने, भागले की तो मिळतो. 400 किलोव्होल्ट आणि 300 ओहम धरल्यास सुमारे 533 मेगावॅट. हा आकडा म्हणजे वाहिनीची क्षमता, असे मात्र समजू नये. सुमारे 80 किलोमीटरच्या वाहिनीवर याच्या तिप्पट भार नेता येतो, तर 480 किलोमीटरच्या आसपास दाबघट आणि स्थिरता यांमुळे मर्यादा नैसर्गिक भाराजवळ येते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे भार निम्मा झाला की रिॲक्टिव्ह पॉवरचा खपही निम्माच होईल, असे धरणे. हा खप प्रवाहाच्या वर्गानुसार बदलतो. वरचीच वाहिनी 300 किलोमीटर लांब असेल, तर ती सुमारे 167 मेगाव्हार (रिॲक्टिव्ह पॉवरचे एकक) निर्माण करते. निम्म्या नैसर्गिक भारावर त्यातले जेमतेम 42 खर्च होतात आणि उरलेले सुमारे 125 दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांत शिरून दाब चढवतात. उलट दीडपट भारावर सुमारे 209 मेगाव्हार बाहेरून आणावे लागतात. म्हणूनच रात्री दाब चढलेला दिसला, तर रिॲक्टिव्ह पॉवर पुरवणारी कपॅसिटर बँक चालू राहिली आहे का आणि ती शोषून घेणारा शंट रिॲक्टर बंद आहे का, हे आधी तपासावे. मेगाव्हारची नोंद दोन्ही टोकांना घ्यावी आणि चिन्हाचा संकेत (कोणती दिशा अधिक, कोणती उणे) जुळवून मगच बेरीज करावी. एकाच टोकाच्या मीटरवरून काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो.

हीच वाहिनी एका टोकाने चार्ज करून दुसरे टोक उघडे ठेवले, तर तिथला दाब सुमारे 5 टक्क्यांनी, म्हणजे 420 किलोव्होल्टपर्यंत चढतो. अशा वेळी लाइन रिॲक्टर (थेट वाहिनीलाच जोडलेला शंट रिॲक्टर) काढून ठेवणे धोक्याचे आहे.

दाब घसरत असताना केवळ कपॅसिटरवर विसंबू नये, कारण त्याची मदतही दाबाच्या वर्गानुसार घटते. भूमिगत केबलला तर हवाई वाहिनीचे ठोकताळे लावूच नयेत. तिचा सर्ज इम्पिडन्स इतका कमी असतो की नैसर्गिक भार गाठण्याआधीच ती तापमानाची मर्यादा ओलांडते.