कोकणात जुनी, मॉडिफाय केलेली स्पोर्ट्स सेदान घेण्याआधी ती कशी तपासावी

जुनी गाडी घेताना टायर बघा, सर्व्हिस बुक बघा, एक चक्कर मारा, असं सांगणारे पावलोपावली भेटतात. साध्या गाडीला तेवढं पुरतं. पण रिमॅप केलेली, म्हणजे जादा ताकदीसाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेली ऑक्टाव्हिया, खाली बसवलेली व्हेंटो टीएसआय किंवा लिनिया टी-जेट चिपळूण-रत्नागिरीत विकायला उभी असेल, तर एवढ्यावर विसंबून लाखाचे बारा हजार व्हायला वेळ लागत नाही. अशा गाडीला दोन गोष्टींनी आतून खाल्लेलं असतं. एक म्हणजे इंजिनातून काढलेली जादा ताकद, आणि दुसरी म्हणजे खारा वारा. मी वर्षानुवर्षं लोकांबरोबर अशा गाड्या बघायला जातो. माझं ठाम म्हणणं आहे की स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, लावून गाडी घाटात चढवल्याशिवाय टोकनचा एक रुपयासुद्धा देऊ नये.

फोनवरच विचारायचं

रिमॅप आहे का, कोणी केला, कितव्या स्टेजचा (म्हणजे ताकद किती वाढवणारा) आणि गिअरबॉक्स कुठला, हे गाडी बघायला निघण्याआधीच विचारा. काढलेले मूळ पार्ट, म्हणजे स्प्रिंग, डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप), एअर फिल्टरचा डबा, घरात जपून ठेवलेत का, हेही विचारा. ज्याने ते ठेवलेत त्याने गाडी नीट वापरली असण्याची शक्यता जास्त. शिवाय पुढे आरटीओत किंवा विम्याच्या वेळी तुम्हाला ते लागणारच आहेत.

गिअरबॉक्सचा प्रश्न लोक हलक्यात घेतात. ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय ऑटोमॅटिकला कंपनीने २५० न्यूटन-मीटर टॉर्क दिला होता. १.८ टीएसआयच्याच मॅन्युअल सुपर्बला मात्र ३२० दिला. यामागचं कारण गिअरबॉक्स आहे. सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स; ड्राय म्हणजे क्लच तेलात न बुडालेला), म्हणजे डीक्यू२००, हा २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठीच बनवलेला आहे. स्टेज वनचा रिमॅप ही मर्यादा सहज ओलांडतो. त्यामुळे ड्राय क्लच आणि रिमॅप अशी जोडी असेल, आणि क्लच पॅक बदलल्याचं बिल नसेल, तर मी त्या गाडीच्या वाटेलाच जाऊ देत नाही. ऑक्टाव्हियाच्याच व्हीआरएस २३० ची गोष्ट वेगळी आहे. तिचा मूळ टॉर्कच ३५० आहे आणि गिअरबॉक्स सहा गिअरचा वेट क्लच. पण त्याचं तेल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदलावे लागतात, रिमॅप असेल तर त्याच्याही आधी. त्याचं बिल बघायला मागा.

कर्ज, चलनं, मालकांची संख्या आणि रंग या गोष्टी वाहन पोर्टलवर आणि आरसीवर पडताळून घ्या.

गाडीच्या खाली

गाडी रॅम्पवर घेऊ देत नसेल तर तिथूनच परत फिरा. अंगणात वाकून टॉर्च मारण्याला तपासणी म्हणत नाहीत.

समुद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत उभी राहणारी गाडी वरून चकचकीत असते आणि खालून सुटत आलेली असते. गुहागर, कर्दे, हर्णै, अलिबाग इथे वाळूवर गाडी घालून रीळ काढण्याची हौस बऱ्याच जणांना आहे, आणि ती हौस नेमकी याच गाड्यांना जास्त सोसावी लागते. सबफ्रेमचे (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या खालच्या चौकटीचे) वेल्डिंगचे जोड, मागच्या ॲक्सलजवळून जाणारे ब्रेकचे पाइप आणि जॅक लावायच्या जागेचा पत्रा, या तीन ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हरच्या मागच्या टोकाने ठोकून बघा. आवाज बसका आला किंवा पापुद्रा सुटला तर पुढचं बोलणंच नको. खालून काळं कोटिंग ताजं मारलेलं असेल तर त्याला गुण समजू नका. विकण्याच्या आठवड्यात मारलेलं कोटिंग बहुतेक वेळा गंज झाकायलाच असतं.

मॉडिफाय केलेल्या गाडीत यापुढे आणखी बघावं लागतं. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बर) असतील तर उंची कमी-जास्त करायच्या रिंगला पाना लावून ती फिरते का ते पाहा. मीठ आणि चिखल आट्यांत जाऊन त्या जाम होतात. मग गाडी आहे त्याच उंचीवर अडकते, आणि इथल्या खड्ड्यांत ती उंची कायम ठेवणं परवडत नाही. पुढचा बंपर खालून उघडा करून इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि एसीच्या कंडेन्सरची जाळी बोटाने हलकेच दाबा. चांगली जाळी ताठ लागते. खाऱ्या वाऱ्याने संपलेली जाळी पांढरी पडलेली असते आणि बोटाखाली भुकटी होऊन झडते. अशी जाळी हवा थंड करत नाही, आणि रिमॅप केलेल्या टर्बो इंजिनाला थंड हवेचीच गरज सर्वांत जास्त असते.

बोनेट उघडल्यावर काचेखालचं प्लास्टिक काढायला सांगा. सुरूच्या बनाशेजारी उभी राहणारी गाडी असेल तर तिथे सुरूच्या काड्यांचा थर बसून पाणी जायची भोकं बुजलेली असतात. ते पाणी मग केबिनमध्ये आणि वायरिंगमध्ये उतरतं.

पुराचं पाणी लागलंय का हे वेगळं तपासायचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्याच पावसात महाडही बुडालं. त्या भागातली त्याआधीची कुठलीही गाडी असो, ही तपासणी सोडू नका. पेडलवर किंवा मॅटवर लाल माती दिसली म्हणून घाबरू नका, जांभ्याची माती आपल्या सगळ्यांच्याच गाडीत असते. जिथे पाय पोचत नाही तिथे बघायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. शेवटचा हातभर पट्टा रोज बाहेर येत नसतो, म्हणून धुणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही. तिथे बारीक गाळाची रेघ किंवा कडकपणा लागला, तर गाडीत पाणी शिरलेलं आहे. स्टेपनीच्या खळग्यातला फोम उचलून त्याच्या खालीही बघा.

थंड इंजिन

सकाळी जा आणि गाडी आधी सुरू करू नका असं बजावून ठेवा. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. बोनेट गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना पहिले एक-दोन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखी वाजली, तर तो आवाज टायमिंग चेनच्या टेन्शनरचा असू शकतो. जुन्या लॉरा आणि सुपर्बच्या १.८ टीएसआयला ही जुनी दुखरी जागा आहे. आवाज आला की किमतीत चेनचं काम धरायचं.

स्कॅनर आणि घाट

सर्वांत कठीण टप्पा हाच. मला हा नीट समजायलाच सर्वांत जास्त काळ लागला, कारण सपाटीवरच्या चक्करमध्ये रिमॅप केलेली गाडी नेहमीच झकास वाटते. जोर मारला की पाठ सीटला चिकटते आणि घेणारा तिथेच खूश होतो. डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागदही या बाबतीत कामाचा नाही. तो एका दमात मारलेल्या एकाच ओढीचा आकडा असतो. इंजिन गरम झाल्यावर वीस मिनिटं ओझं ओढत राहिलं तर काय होतं, हे त्यावर लिहिलेलं नसतं. ते बघायला घाटच हवा. चिपळूणकडचे असाल तर पोफळीहून कुंभार्ली, रत्नागिरीकडचे असाल तर साखरपा सोडून आंबा, आणि सावंतवाडीकडे आंबोली.

निघण्याआधी स्कॅनर लावा. फोक्सवॅगन-स्कोडा घराण्याची गाडी असेल तर व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन हे त्या गाड्यांसाठीचे स्कॅनर हवेतच. साध्या स्वस्त ॲडॉप्टरवरही दोन आकडे मिळतात, आणि लोक तेच बघत नाहीत. एक म्हणजे एरर कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, आणि दुसरा म्हणजे तेव्हापासून इंजिन किती वेळा गरम झालं. मालक म्हणतो सहा महिन्यांत गाडीला कोणी हात लावलेला नाही, आणि स्क्रीन सांगतो कोड पुसल्याला १४ किलोमीटर झाले. अशा वेळी वाद घालत बसू नका. आठवड्याने परत येतो म्हणा आणि तोवर गाडी चालवत राहायला सांगा. लपवलेला कोड असेल तर तो परत येतो. उत्सर्जनाचे रेडीनेस मॉनिटर (धुराशी संबंधित भागांची गाडीने स्वतः केलेली तपासणी) अपुरे दिसत असतील तर त्याचा अर्थही बहुधा हाच असतो.

मूळ सॉफ्टवेअर परत टाकलंय का हे ओळखायला ईसीयूतला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला, प्रोग्रामिंगचा काउंटर बघा. तो वाढलेला असेल तर सरळ विचारा, कंपनीच्या अपडेटचं बिल दाखवता का. काउंटर शून्य असला तरी निश्चिंत होऊ नका. काही टूल तो तसाच ठेवतात. म्हणून ईसीयूचा डबाही बघा. कडेला नवं सिलिकॉन किंवा स्क्रूवर ओरखडे असतील तर तो उघडलेला आहे. रिमॅप असणं हा माझ्या लेखी दोष नाही, पण तो लपवणारा माणूस बाकीचंही लपवतो.

आता घाट. गाडी मालकालाच चालवू द्या आणि तुम्ही शेजारी स्क्रीन घेऊन बसा. यात दोन फायदे आहेत. आकडे नीट वाचता येतात, आणि माणूस गाडी कशी वापरतो ते कळतं. ऑइल गरम व्हायच्या आत, पहिल्याच किलोमीटरला ज्याने पाय खाली दाबला, त्याने ती रोज तशीच चालवली आहे. अशा टर्बोला पॉलिशने काही फरक पडत नाही.

एसी चालू, माणसं बसलेली, दुपारचं ऊन, अशा स्थितीत नेहमीच्या वेगाने चढा. स्टंटबाजी नको, वळणावर ओव्हरटेक नको. ओझं घाट स्वतःच देतो. चार गोष्टी बघा: कूलंटचं तापमान, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) किती मागे घेतलं जातंय, आणि मिसफायरचा काउंटर. बाहेर ३५ अंश असताना आत जाणारी हवा १५-२० अंशांनी जास्त असेल तर मी काही म्हणत नाही. ती ४० अंशांनी वर चढली आणि उतरेना, तर इंटरकूलर संपलाय किंवा त्या रिमॅपला तो पुरा पडत नाही. टायमिंग अधूनमधून दोन-तीन अंश मागे आलं तर चालतं. एकाच सिलिंडरला ते पुन्हा पुन्हा पाच-सहा अंश मागे येत असेल, तर ते इंजिन नॉकिंगपासून, म्हणजे इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांपासून, स्वतःला वाचवतंय. अशी गाडी मी सोडून देतो, मग किंमत काहीही असो. इथे मालकाला एक प्रश्न टाका: पनवेल ते सावंतवाडीच्या वाटेवर पेट्रोल कुठलं भरता? जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेला रिमॅप आणि वाटेत मिळेल ते साधं पेट्रोल, याचा हिशोब टायमिंगच्या आकड्यात दिसतो.

इंधनाचा लाँग टर्म ट्रिमही (ईसीयू इंधन नेहमीपेक्षा किती टक्के कमी-जास्त देतोय तो आकडा) वाचा, पण तो समजून. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमुळे इंजिनाला थोडं जास्त इंधन द्यावं लागतं, त्यामुळे ट्रिम तीन ते पाच टक्के अधिक दिसणं स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून गाडी खराब ठरवणारे मेकॅनिक मी पाहिलेत, ते चूक आहे. दहाच्या वर गेला तर मात्र कुठेतरी हवेची गळती, थकलेला पंप किंवा वाईट रिमॅप आहे. सुट्टीच्या बंगल्यावर पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून मगच ही तपासणी करा. इथेनॉल दमट हवेतलं पाणी धरतं, आणि त्या पेट्रोलवर आलेले आकडे तुमची दिशाभूल करतील.

माथ्यावर पोचल्यावर इंजिन बंद करू नका. पाच मिनिटं तसंच चालू ठेवा, मग रेस द्या आणि मागे उभं राहून धूर बघा. निळा धूर आला तर टर्बोच्या सीलवर संशय घ्या. उतरताना बराच वेळ पाय उचलून धरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा झोत आला, तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. उतारावर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं का, तेही याच वेळी कळतं. खाली आल्यावर, डीएसजी तापलेला असतानाच, गाडी रांगत्या गतीने चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके बसले तर सकाळी क्लच कितीही मऊ चालला असला तरी तो विसरा.

बूस्टची, म्हणजे टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेच्या दाबाची, तपासणी घाटात नाही, महामार्ग ६६ च्या मोकळ्या चौपदरी पट्ट्यावर, वेगमर्यादेच्या आत, तिसऱ्या गिअरमध्ये एकच ओढ देऊन करा. ईसीयूने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी लावा. आरपीएम वाढेल तसा मिळालेला बूस्ट मागे पडत गेला तर गळती आहे किंवा वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) ढिला आहे. तो मागणीच्या वर-खाली हेलकावत असेल तर रिमॅप लिहिणाऱ्यालाच काम नीट आलेलं नाही. हे सगळे लॉग सेव्ह करून आणा. शक्य असेल तर ज्याने रिमॅप केला त्याला चासी नंबर देऊन पाठवा. चांगला ट्यूनर स्वतःच्या फाइलची नोंद ठेवतो आणि दोन मिनिटांत काय ते सांगतो.

व्यवहार

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मुभा नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला डाउनपाइप, कर्कश सायलेन्सर, चाकाच्या कमानीबाहेर आलेले टायर, यांची जबाबदारी गाडी नावावर होताच तुमची होते. विमा कंपनीला न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो. म्हणून मूळ पार्ट गाडीबरोबर मिळणार हे व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या, आणि जे बेकायदा आहे ते मालकालाच त्याच्या खर्चाने परत बसवायला सांगा. बदलांवर त्याने घातलेले पैसे तुम्ही भरून द्यायचे नसतात. किंमत स्टॉक गाडीची धरा आणि तिच्यातून इंटरकूलर, कॉइलओव्हर, क्लच, जे जे तपासणीत निघालं ते ते वजा करा.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आणि पैसे दिले की १४ दिवसांच्या आत विमा स्वतःच्या नावावर करायचा अर्ज द्या. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर त्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम सोडू नका.